टॉर्च घेताना आधी बॅटरी बघा

आज वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात पुराच्या रात्रीसाठी टॉर्च बघितल्या. प्रत्येक खोक्यावर ठळक आकडा एकच, ल्युमेनचा, म्हणजे उजेड मोजायच्या एककाचा. घरात वावरायला 50 ते 100 ल्युमेन पुरतात, गच्चीवरून गल्लीतलं पाणी बघायला 300. हजारांचा उजेड काही मिनिटंच टिकतो. एलईडी तापू नये म्हणून सर्किटच तो उतरवतं.

खरी मेख बॅटरीत आहे. स्वस्त चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बऱ्याचदा लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती उतरलेली तशीच काही महिने कपाटात राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग चार्जच घेत नाही. म्हणजे नेमकी विश्वामित्री नदी चढते त्या रात्री टॉर्च मेलेली! लिथियम-आयन घ्या, शक्यतो 18650 सेल (एएपेक्षा थोडा मोठा, गोल लिथियम सेल) बदलता येईल अशी. दर तीन महिन्यांनी चार्ज तपासा.

दुसरी टॉर्च साध्या एए सेलची हवीच. ऑगस्ट 2024 च्या पुरात कित्येक भागांत वीज नव्हती, तेव्हा चार्जिंग करणार कशावर? हिचे सेल मात्र बाहेर काढून, रबरबँडने टॉर्चलाच बांधून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की आतली स्प्रिंग गंजते. पांढरा थर दिसलाच तर हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जुना-नवा सेल एकत्र घालू नका, त्यानेही गळती सुरू होते.

टॉर्च किती पाणी झेलते ते आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स4 म्हणजे फक्त शिंतोडे. आपल्याला आयपीएक्स7 हवं: 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. झाकणाची रबरी रिंग चिरलेली असेल तर तेही व्यर्थ.

जिन्यात आजीचा हात धरायचा असेल, तर डोक्याला लावायची टॉर्च सगळ्यात उत्तम.