केसपेपरच्या मागची चिठ्ठी

विंचूदंशाच्या मुलांवरचा माझा लेख तयार होता. नाशिकच्या आमच्या वॉर्डातले तीन वर्षांचे केसपेपर, तक्ते, निष्कर्ष, सगळं. जर्नलला पाठवण्याआधी मॅडमना वाचायला दिला. त्या नवजात बालकांचा विभाग बघतात, विंचवाशी त्यांचा फारसा संबंध नाही. म्हणूनच मुद्दाम दिला.

रविवारी राउंड उरकून ड्यूटीरूममध्ये बसलो. भाषेला मॅडमनी हात लावलाच नाही. थेट तिसऱ्या तक्त्यावर बोट ठेवलं. "ही उशिरा आलेली मुलं इतकी बरी कशी रे?"

माझा निष्कर्षच तो होता. दंशानंतर सहा तासांनी प्राझोसिन सुरू केलं तरी मुलं तितकीच चांगली सुधारतात. मला त्याचा अभिमान वाटत होता.

"दाखल करताना हातपाय कसे होते, ते काढ."

लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात. मूल घामाने चिंब होतं, उलट्या होतात, हातपाय गारठतात. प्राझोसिन लागू पडलं की ते हळूहळू गरम होतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे औषध विंचूदंशात रुजवलं. आजही असं मूल आलं की आम्ही त्याचे तळहात, तळपाय चाचपून बघतो. मी केसपेपर काढले. उशिरा आलेल्या बहुतेकांपुढे माझ्याच अक्षरात होतं : हातपाय कोमट.

आमचा डोस जायच्या आधीच?

मॅडमनी एक केसपेपर उलटा केला. मागे पेठ तालुक्यातल्या आरोग्य केंद्राची रेफर चिठ्ठी स्टेपल केलेली. पावसात भिजून वाळलेली, निळी शाई पसरलेली. 'वजन 16 किलो. प्राझोसिन 1 मिग्रॅ, अर्धी गोळी, रात्री 9:10.' किलोला 30 मायक्रोग्रॅम, हिशोब चोख. गाडी मिळून, सावळघाट ओलांडून ते मूल आमच्याकडे पोचलं रात्री दोनला. माझ्या तक्त्यात पहिल्या डोसची वेळ होती 2:15.

दुपारपर्यंत अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमला. माझ्या पोटात खड्डा पडला. लेख छापून आला असता आणि तो वाचून कुणी म्हणालं असतं, राहू दे, नाशिकला गेल्यावर देतील, तर?

"चिठ्ठी लिहिणाऱ्या या मेडिकल ऑफिसरांचं नाव आभारात घालतो," मी म्हणालो.

"पहिला डोस त्यांचा, नोंद त्यांची. मसुदा त्यांना वाचू दे, खोडू दे, जबाबदारी घेऊ दे. मग आभार कसले? लेखक म्हणून नाव घाल." लेखक कुणाला म्हणायचं, याचे आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, चार निकष मला पाठ होते. ते पूर्ण करायची संधी त्यांना द्यावी, हे मात्र सुचलं नव्हतं.

एथिक्स कमिटीची सुधारित परवानगी आली आणि ते मेडिकल ऑफिसर पेठहून रजिस्टर घेऊन आले. प्रत्येक ओळीत नाव, वजन, डोसची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'नाशिकला पाठवले'. त्यापुढे कोरं.

मी मसुद्याचं बोलायला लागलो. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "सर, ते बघू नंतर. यातली किती मुलं तुमच्यापर्यंत पोचली, तेवढं आधी सांगा ना."

ते एकेक नाव वाचत गेले, मी केसपेपर काढत गेलो. अकराव्या नावाला माझ्याकडे कागद नव्हता.

"पुन्हा बघा," ते म्हणाले.

मी पुन्हा बघितलं.