पोटॅशियम ७.१, कॅल्शियम ५.२

रिपोर्ट यायच्या आधी प्रयोगशाळेचा फोन आला: पोटॅशियम ७.१. अमेरिकेतल्या ज्या रुग्णालयात मी संशोधन-समन्वयक आहे, तिथे तेव्हा फुप्फुसाच्या धमन्यांचा उच्च रक्तदाब, म्हणजे पीएएच असलेल्या रुग्णांवर स्पायरोनोलॅक्टोनची चाचणी सुरू होती. या बाईंना अँब्रिसेंटान आणि टाडालाफिल ही पीएएचची औषधं आधीपासून चालू होती. त्यांचे डोस न बदलता वर ही एक गोळी. सुरुवात २५ मि.ग्रॅ., सोसली तर ५०. गोळी औषधाची की प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेली नुसती दिसायला तशीच, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

रक्तदाब आणि सूज यांवरचं हे जुनं, स्वस्त औषध पीएएचमध्ये आणण्यामागे विचार आहे. ते अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं. अल्डोस्टेरॉन वाढलं की रक्तवाहिनीच्या अस्तरातला, एंडोथेलिन हे रसायन जिथे जोडलं जातं तो बी-रिसेप्टर नीट काम करत नाही आणि रक्तवाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं. अँब्रिसेंटान मुख्यतः एंडोथेलिनचा दुसरा, रक्तवाहिनी आवळणारा ए-रिसेप्टर अडवतं, बी जवळजवळ मोकळा सोडतं. मग त्या बी-रिसेप्टरला अल्डोस्टेरॉनपासून वाचवलं तर? अँब्रिसेंटानच्या जुन्या चाचण्यांतली माहिती पुन्हा तपासून २०१३ साली तसा फायदा होत असावा असा संकेत मिळाला, पण रुग्ण फार थोडे होते. म्हणून तर चाचणी हवी.

धोका पोटॅशियमचा: हे औषध रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतं. आमचा नियम असा: ५.५ च्या वर डोस कमी, ६ च्या वर गोळी बंद. ७.१ ला हृदय थांबू शकतं, त्यामुळे सगळ्यात आधी ईसीजी. पोटॅशियम वाढल्याच्या खुणा त्यात नव्हत्या: टी-लहरी उंच, टोकदार नव्हत्या, क्यूआरएस हा मुख्य ठोक्याचा भाग रुंदावलेला नव्हता. बाई शांतपणे बसल्या होत्या. मग लेखी रिपोर्ट हातात आला आणि नजर खाली गेली: कॅल्शियम ५.२. नॉर्मल साधारण ८.५ ते १०.५. खरंच एवढं उतरलं असतं तर बोटांना मुंग्या, हातापायांत गोळे आले असते. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं विकरही जवळजवळ नाहीसं. नमुन्यातल्या पेशी फुटल्याने पोटॅशियम वाढलं असतं, पण कॅल्शियम असं पडत नाही.

तिन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए. ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, म्हणून पोटॅशियम वाढतं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि फॉस्फटेजला लागणारं जस्त व मॅग्नेशियमही. चौकशीत तेच निघालं. शीर सापडत नव्हती, रक्त सिरिंजने काढलं, या तपासणीची सोनेरी झाकणाची ट्यूब अर्धी राहिली म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं. डोळ्यांना दोन्ही रक्त सारखंच दिसतं, त्यामुळे असं घडतं.

नमुना पुन्हा घेतला. शीर मिळाली की पट्टा सैल, मूठ आवळायची नाही, आधी सोनेरी, मग जांभळी, आणि ओतणं बंद. थोडं रक्त ब्लड गॅसच्या यंत्रातही घातलं, उत्तर काही मिनिटांत मिळतं: ४.६.

डॉक्टरांची भीती रास्त असते. १९९९ च्या रेल्स या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना या औषधाचा मोठा फायदा दिसला, ते सर्रास दिलं जाऊ लागलं, आणि कॅनडातल्या ओंटारिओत पोटॅशियम वाढून दाखल होणारे रुग्णही वाढले. म्हणून ७.१ कधी दुर्लक्षायचं नाही, आणि पुन्हा तपासल्याशिवाय गोळीही कायमची बंद करायची नाही. लहान चाचणीत एक रुग्ण चुकीने बाहेर गेला तरी निकाल हलतो.

सहा मिनिटं चालण्याची तपासणी घेणाऱ्या सहकाऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही. पोटॅशियम वाढलं म्हटलं की गोळी कोणती, हा अंदाज लागतोच. ती तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली, कारण बाईंची आधीची नोंद सकाळचीच होती: ३० मीटरचा तोच कॉरिडॉर, ऑक्सिजनचा तोच प्रवाह, दर मिनिटाला ठरलेलीच वाक्यं. पीएएचमध्ये रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण ३३ मीटरचा असतो. उत्साहाने दिलेलं एखादं जास्तीचं 'शाब्बास, अजून जोरात' त्यातले बरेच मीटर खाऊन टाकतं.

गोळ्या चालू राहिल्या. फॉर्मवरचं ७.१ खोडून नाहीसं केलं नाही. शेजारी कारण, वेळ, सही आणि नवा आकडा लिहिला, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख आठवड्यानंतरची घातली.