लिबरल आर्ट्स झालं, टक्केवारीत अडकलं

लिबरल आर्ट्स, म्हणजे वेगवेगळे विषय एकत्र शिकायचं बी.ए.; त्याची तीन वर्षं मस्त गेली. छोटं खाजगी विद्यापीठ, मेजर म्हणजे मुख्य विषय इतिहास, मायनर म्हणजे दुय्यम विषय मानसशास्त्र, जोडीला सक्तीचं संख्याशास्त्र. वर्गात मुलं इतकी कमी की कोण वाचून आलेलं नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. वैताग आला तो नंतर, एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी.

आमच्या गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी. माझा ८.१२. ज्या जुन्या, मोठ्या विद्यापीठात अर्ज करायचा होता, त्यांच्या फॉर्ममध्ये सीजीपीएचा रकानाच नव्हता. टक्के भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आता ८.१२चे टक्के किती? दहाने गुणलं तर ८१.२. साडेनऊने गुणलं तर ७७.१४. आधी पाऊण वजा करून दहाने गुणलं तर ७३.७. तिन्ही पद्धती कुठे ना कुठे चालतात, आणि गुणवत्ता यादीत एवढ्या फरकात अख्खा वर्ग मावतो.

तिकडे फोन केला. "तुमच्या विद्यापीठाचं सूत्र लावा." आमच्या परीक्षा विभागात गेले. "प्रवेश ते देणार, सूत्रही त्यांचंच." परीक्षा विभाग म्हणजे एक मॅडम आणि एक काका, मॅडम रजेवर की विभाग रजेवर. काका भले माणूस, पण म्हणाले, "बाळा, टक्क्यांच्या सूत्राचं असं पत्र आजवर कुणी मागितलंच नाही. आपली मुलं परदेशी जातात नाहीतर नोकरीला लागतात." मुदत जवळ येत होती आणि मी काकांच्या टेबलासमोर बसून त्यांचा चहा पीत होते.

शेवटी मसुदा मीच टाइप केला. मॅडम आल्यावर नियमावलीतून सूत्र शोधलं, निघालं नेमकं पाऊण वजा करायचं. परीक्षा नियंत्रकांची सही झाली, गोल शिक्का बसला. तरी पत्र तिकडच्या खिडकीवरून परत आलं: जावक क्रमांक नाही! वर, "बी.ए. कशात? इथे नुसतं लिबरल आर्ट्स आहे." म्हणून दुसऱ्या पत्रात 'मेजर: इतिहास' आणि त्या विषयाचे क्रेडिट्सही, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर जमा होणारे श्रेयांक, घालून घेतले. ७३.७वर दुसऱ्या यादीत नाव लागलं. ८१.२ भरून मोकळे झालेले कितीजण माझ्या वर होते, हा विचार मी अजून करते.

तेव्हा हे पत्र शेवटच्या सत्रातच मागा, मे महिन्यात कुणी जागेवर नसतं. दोन-तीन मूळ प्रती घ्या, झेरॉक्सवर भागत नाही.

आणि हो, तिसऱ्या वर्षी थांबायचं की चौथं करायचं हे आधी ठरवा. नव्या शैक्षणिक धोरणात किमान १२० क्रेडिट्सवर तीन वर्षांची पदवी मिळते, १६०वर ऑनर्स. ऑनर्स असेल तर एम.ए. एका वर्षातही होऊ शकतं. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिथेही टक्केच!

एक राहिलंच: क्रेडिट बँकेचं, म्हणजे तुमचे क्रेडिट्स ऑनलाइन जमा होतात तिथलं, खातं आधारवरून निघतं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. पहिल्याच वर्षी दोन्ही कागद शेजारी ठेवून विद्यापीठात तुमचं नाव कसं चढलंय ते बघून घ्या.