कालव्याकडेची वाट

रविवार, फेब्रुवारीअखेर

आज सकाळभर सायकलीच्या मागून एकही ट्रक आला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण ऊस हंगामात आमच्या कोल्हापुरात असं घडत नाही. गगनबावडा रस्ता घ्या, राधानगरी घ्या, सांगलीचा तर विचारूच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, डांबरावर सांडलेली उसाची कांडकी. पहाटे पन्हाळ्याला निघणारे आम्ही सगळे उजाडायच्या आत वाघबीळ गाठायची घाई करतो ती या ट्रॉल्यांच्या धास्तीनं. आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी तर कारखाने बंद होईपर्यंत सायकल काढायचीच नाही असं ठरवून टाकलंय. मला त्याचं फार वाईट वाटतं. थंडीचे हेच तर सायकलचे महिने.

म्हणून आज भाचीला घेऊन द्राक्षांच्या मुलखात गेले. सायकली गाडीमागच्या स्टँडला बांधल्या, अंधारातच मिरज ओलांडली आणि आरगमध्ये ओळखीच्यांच्या रानात गाडी लावली. पानमळ्यांचा गारवा अजून रस्त्यावर होता. तिथून म्हैसाळ योजनेच्या कालव्याच्या भरावावर चढलो. कृष्णेचं पाणी म्हैसाळजवळ उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, जतच्या कोरड्या रानांत सोडतात. सध्या आवर्तन सुरू आहे, कालवा काठोकाठ भरून चालला होता. त्याच्या कडेनं मुरुमाची एक वाट जाते, देखभालीची. तिच्यावर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, शेळ्या, अधूनमधून एखादी बैलगाडी. बाकी कुणी नाही.

या वाटेची खरी गंमत मला चालवता चालवता उमगली. दोन्ही बाजूंना टेकड्या, माळ, खाली उतरत गेलेल्या बागा, लांबवर दंडोबाचा डोंगर. म्हणजे मुलूख चढउताराचाच. पण पायाला चढ लागत नाही! कालव्यातलं पाणी आपल्या आपण वाहत राहायला हवं, त्यामुळं त्याचा उतार डोळ्याला दिसणारही नाही इतका कमी ठेवलेला असतो. टेकडी आडवी आली की कालवा तिच्या अंगाअंगानं वळसा घेतो, ओढा आला की वरून पूल टाकून पार होतो. त्याच्या कडेची वाटही तशीच जाते. भाची नुकतीच लांबचं सायकलिंग करायला लागलीय, तिला पन्हाळ्याच्या चढाची भीती वाटते. ती इथं गिअर न बदलता मजेत पुढं गेली आणि वळणावर थांबून म्हणाली, "आत्या, डोंगर दिसतायत पण लागत नाहीत."

फ्रान्समध्ये बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून असाच एक रस्ता जातो, त्याच्याबद्दल मी खूप वाचलंय. जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर. तिथली रेल्वे बंद पडली, रूळ उचलले आणि १९९७ साली त्याच पट्ट्यावर फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. त्या देशातली तशा प्रकारची ती पहिली. आगगाडीलाही पाण्यासारखाच चढ सोसत नाही, म्हणून तिचा मार्ग टेकड्यांच्या मधून सपाटीनं काढलेला असतो. म्हाताऱ्या माणसांपासून लहान पोरांपर्यंत सगळे तिथं सायकली चालवतात ते त्यामुळंच.

आपल्या इथं रेल्वेचा असा पट्टा मोकळा राहिलेला नाही. मिरजेहून पंढरपूरकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ पासून होती. तिची ब्रॉडगेज झाली आणि वारकऱ्यांची सोय झाली. ते उत्तमच झालं. पण कालवे आहेत ना. मैलोन्‌मैल आहेत, सपाट आहेत, बहुतेक वेळ मोकळे असतात. मग आपल्याला आणखी काय पाहिजे, असं मला आज वाटत राहिलं.

नऊच्या सुमारास ऊन तापलं तेव्हा कालवा सोडून एका बेदाण्याच्या शेडपाशी थांबलो. हिरव्या शेडनेटचे पडदे, आत लोखंडी सांगाड्यावर एकावर एक ताणलेल्या जाळ्या आणि प्रत्येक जाळीवर पसरलेली द्राक्षं. वरच्या मजल्यावरची अजून टपोरी, खालची सुरकुतून मधाळ झालेली. बाहेर टाकी होती. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात द्राक्षांचं अख्खं क्रेट बुडवायचं, निथळायचं, की आत न्यायचं. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो या पाण्यानं सैल होतो आणि आतला ओलावा लवकर निघून जातो. नाहीतर सुकायला कितीतरी जास्त दिवस लागले असते. साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. चार किलो द्राक्षांतून एक किलोच्या आसपास बेदाणा.

तिथं काम करणाऱ्या बायकांमधल्या एकीनं विचारलं, "अक्का, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरस्नं. आरगपर्यंत गाडीनं, पुढं सायकलीवनं."

"आणि ही पोरगी?"

"भावाची लेक."

तिनं ओंजळभर बेदाणा भाचीच्या रुमालात बांधला. पैसे देऊ केले तर हात मागं घेतला. मग म्हणाली की आता फक्त पाऊस पडायला नको. रात्री ढग आले की झोप येत नाही, जाळ्यांवर कागद ओढायला सगळ्यांना उठावं लागतं. अवकाळी पावसाची एक सर जरी शेडमध्ये शिरली तरी माल काळा पडतो आणि भाव कोसळतो.

तिचं ऐकताना कोल्हापुरात बेदाणा का होत नाही ते पुन्हा ध्यानात आलं. आमच्या गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला आलं की तो ५००-६०० वर येतो. सह्याद्री ढग अडवतो आणि या बाजूला उरतो तो कोरडा वारा. हाच वारा जाळ्यांमधून फिरतो आणि द्राक्षं सुकवतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा. माणसांचाही तितकाच. इथून जवळच तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतून निवडून काढलेली तास-ए-गणेश ही जात आज कुठल्या कुठं पोचलीय. सायकलवरून जाताना बागा जवळून दिसतात म्हणून हे सगळं विचारावंसं वाटतं. ऑक्टोबर छाटणी कधी घेतली, विरळणीला माणसं मिळाली का, यंदा माल बेदाण्याला घातला की व्यापाऱ्याला दिला. गाडीच्या काचेतून मला हे कधीच सुचलं नसतं.

शेडवरून परत कालव्यावर आलो तेव्हा वाट बदलली होती. तोडणी सुरू झाली होती. क्रेटनी भरलेला पिकअप समोरून आला, मागं दुसरा. वाट जेमतेम एका गाडीची. आम्ही सायकली उतारावर ओढून बाजूला उभ्या राहिलो. ड्रायव्हरनं हात वर करून थांबल्याबद्दल दाद दिली. भाचीला जरा चिडल्यासारखं झालं, ही वाट फक्त सायकलींसाठीच असती तर बरं, असं ती म्हणाली.

मला तसं वाटत नाही. बर्गंडीच्या त्या वाटेवर क्लुनीच्या पुढं दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे, बुआ क्लेर नावाचा. हिवाळ्यात तो बंद करतात, कारण आत वटवाघळं निजलेली असतात. सायकलवाल्यांनी त्या दिवसांत वरून, डोंगरावरून वळसा घालायचा. त्या गोष्टीनं माझा जीव त्या रस्त्यावर बसला. आमच्या कालव्याकडच्या वाटेवर पहिला हक्क ज्यांच्या रानाला हे पाणी जातं त्यांचा. तोडणीच्या दिवसांत दहानंतर आम्ही दुसरीकडून जावं, खाली गावातल्या रस्त्यानं किंवा चढ घेऊन माळावरून. उरलेले कितीतरी तास आणि कितीतरी महिने वाट रिकामीच असते.

डांबरही नको. डांबर आलं की चारचाक्या येतात आणि मग ट्रॉल्याही. मुरूम दाबून घ्यावा, पुलांच्या कठड्यांची डागडुजी व्हावी, कुठलं गाव किती लांब आहे याचे दगड बसवावेत. पाण्याजवळ उतरायच्या पायऱ्यांपाशी मात्र धोक्याची पाटी हवीच. कालव्याचा काठ गुळगुळीत असतो, पडलं तर चढून येणं सोपं नाही. भाचीला मी सारखी पाण्यापासून लांबच्या बाजूनं चालव म्हणून सांगत होते. एवढं झालं तरी पुष्कळ. ही कामं जलसंपदा खात्याकडं मागायची तर आधी आसपासच्या गावांची संमती पाहिजे, हेही तितकंच खरं.

दंडोबापर्यंत आज गेलो नाही. डोंगरात कोरलेलं ते देऊळ पाहायचं होतं, पण ऊन फार झालं आणि वर जायला खरा चढ आहे. परतताना भाची मात्र म्हणाली, पुढच्या वेळी चढायचा. तिच्या तोंडून हे ऐकून फार बरं वाटलं.

आमच्या दूधगंगा प्रकल्पाचे डावे-उजवे कालवेही असेच टेकड्यांच्या कडेनं फिरत गेलेत, कागल, राधानगरीच्या बाजूला. कारखाने बंद झाले की तिकडं जायचं आणि कुठल्या टप्प्यात वाट सलग आहे, कुठं तुटली आहे ते नकाशावर नोंदवून ठेवायचं. ग्रुपमधल्या त्या दोघींना उद्याच फोन करते.