क्रॉपीच्या बाजूने

टेक्सासात मार्च लागला की रेडबडच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतात आणि लेक फोर्कच्या वाटेवर मागे बोटी जोडलेल्या पिकअप ट्रकांची रीघ लागते. डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावर हा जलाशय. 1980 साली इथे पाणी अडवलं, तेव्हा बुडणारी बरीचशी झाडं न तोडता तशीच उभी ठेवली. त्यांचे बोडके शेंडे अजून पाण्याबाहेर डोकावतात. बोटवाल्यांना ती डोकेदुखी, माशांची मात्र वस्ती.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळातून शेतात शिरतात. इथले मासे ढगांकडे बघत नाहीत, पाणी किती तापलं ते बघतात. पारा साठ फॅरनहाइटच्या पुढे सरकला की हिवाळाभर खोलात बसलेले बास आणि क्रॉपी अंडी घालायला काठाशी येतात. दोघं एकाच कुळातले, पण मानपान सगळा बासला. त्याच्यासाठी अडीचशे हॉर्सपॉवरच्या चकचकीत बोटी, स्पर्धा, बक्षिसं. जानेवारी ते मार्चमध्ये तेरा पौंडांच्या वरची मादी गळाला लागली, तर राज्य सरकार तिला बाळंतपणाला म्हणून टेक्सासातल्याच अथेन्स गावच्या मत्स्यकेंद्रात घेऊन जातं. फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास तर परत सोडावाच लागतो. एवढा खटाटोप, आणि ताटात काही नाही!

क्रॉपीचा माणूस घडीची खुर्ची घेऊन धक्क्यावर बसतो. शेजारी बादलीत जिवंत बारकी मासळी. क्रॉपी बहुधा खालून वर येऊन आमिष घेतो, त्यामुळे बॉबर, म्हणजे दोरीला लावलेला तरंगता गोळा, बुडण्याऐवजी कधीकधी नुसता आडवा पडतो. नवखा माणूस बुडण्याची वाट बघत राहतो. आणि लागलाच तर हिसका द्यायचा नाही. ओठाची कातडी इतकी पातळ की गळ फाडून निघतो. घाईच्या माणसाचं इथे कामच नाही.

या दिवसांत उथळ पाण्यात तळाशी स्वच्छ केलेली गोल जागा दिसते. ते बासचं घरटं. मादी अंडी घालून निघून जाते, नर राखणीला थांबतो. ब्लूगिलसारखे अंडीचोर हाकलण्यात तो इतका गुंतलेला असतो की पुढ्यात आलेल्या आमिषावर भुकेपेक्षा रागानेच तुटून पडतो. काहीजण नेमका हाच राग हेरून गळ टाकतात. कायद्याने चालतं, पण मला ते बरं वाटत नाही. बाप कामावर असताना त्याला उचलायचं, फोटो काढायचा, आणि तेवढ्यात मागे घरटं साफ. (क्रॉपीचा नरही अंडी राखतो, हे मला ठाऊक आहे. पण दहा इंचांचा क्रॉपी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर पडला की माझी तत्त्वं जरा मवाळ होतात.)

बासवाल्यांना डिवचायला माझ्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. टेक्सासचा विक्रमी बास याच फोर्कमधला, 18.18 पौंडांचा. जानेवारी 1992 मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांनी तो बेचाळीस फूट खोल पाण्यातून काढला. गळाला बारकी मासळी लावून ते तेव्हा क्रॉपी पकडत होते.