28 दिवसांची खोली : आमची वाटचाल

आमच्या पुण्यातील दुकानात तारामासा घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या टँकच्या वयाचा, आणि ते वय एक वर्षापेक्षा कमी असेल तर तारामासा देत नाही. हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळत आलो असे लिहिता आले असते तर मला फार बरे वाटले असते. पण तो यायला काही वर्षे लागली आणि तेवढ्या काळात आमच्या हातून अनेक जीव गेले. आमची वाटचाल सांगायची तर त्यांचा हिशेबही त्यात आलाच पाहिजे.

दुकान मी आणि माझ्या धाकट्या भावाने 2010 साली सुरू केले. त्याआधी मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या वेळी फॉर्मलिनच्या बरणीतला तोच एक पिवळट पडलेला तारामासा विद्यार्थ्यांसमोर ठेवला जाई, आणि त्याच्या खालच्या बाजूचे नलिकापाद बोट दाखवून सांगताना मला नेहमी वाटे की हे पाय हलताना एकदा तरी या मुलांनी पाहायला हवेत. भाऊ नळजोडणीची आणि विजेची कामे करत असे. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही गोल्डफिश, गप्पी, एंजल असे गोड्या पाण्यातलेच मासे विकले. त्यावर दुकानाचे भाडे निघत होते, पण मन भरत नव्हते. 2012 मध्ये दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून पहिला खाऱ्या पाण्याचा टँक उभा राहिला. त्याचे सगळे पाइप, गाळणीची खालची टाकी म्हणजे संप, पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरची जोडणी भावाने स्वतः केली.

प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून जिवंत प्रवाळ किंवा समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड दुकानात ठेवायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. आमच्या टँकमध्ये सिरॅमिकचे दगड असतात. निर्णय योग्यच होता आणि आजही तोच कायम आहे. मात्र त्याचा तारामाशांशी असलेला संबंध तेव्हा आमच्या ध्यानात आला नाही. समुद्रातल्या दगडावर शेवाळाचा, जिवाणूंचा, बारीक स्पंजांचा एक पातळ थर असतो आणि कित्येक तारामासे त्यावरच जगतात. सिरॅमिकचा नवा दगड म्हणजे धुऊन ठेवलेले ताट. त्यावर तसा थर धरायला महिनेच्या महिने जातात.

हे आम्हाला शिकवले ते एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या चार फुटी टँकला पाच महिने झाले होते, तेव्हा त्यांनी आमच्याकडून निळा लिंकिया हा तारामासा नेला. तो रंग पाहून मोहात न पडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चौदाव्या आठवड्यात ते स्टीलच्या डब्यात त्याला घेऊन दुकानात आले. डब्यातले पाणी स्वच्छ होते, तारामासा निळाच होता, पण त्याचे पाचही बाहू चपटे पडले होते; एरवी बोटासारखे गोल आणि टणक असणारे बाहू मधोमध आत बसले होते आणि एका बाहूच्या टोकाची कातडी पांढरी होऊन सुटत होती. काकांनी सोबत आपली वही आणली होती. रोजचे तापमान 25 ते 26 अंश, पाण्याचा खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व 1.025, प्राण्यांच्या घाणीतून तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषे शून्य. एकही दिवस चुकलेला नव्हता. त्यांनी मला एवढेच विचारले, "ताई, माझं काय चुकलं?"

त्यांचे काहीच चुकले नव्हते. चूक आमची होती, कारण त्या टँकमध्ये या प्राण्याला खायला काही नाही हे आम्ही सांगायला हवे होते. तारामाशाच्या शरीराचे व्यवहार इतके संथ चालतात की उपाशी राहूनही तो महिनोनमहिने स्वतःचेच शरीर वापरत जगतो, काचेवर फिरत राहतो, आणि मालकाला वाटते की तो रुळला आहे. विक्रीचे पैसे पहिल्या दिवशी आमच्या गल्ल्यात येतात आणि प्राणी तीन-चार महिन्यांनी मरतो. या दोन गोष्टींमध्ये इतके अंतर असल्यामुळे दुकानदार स्वतःला सहज निर्दोष समजू शकतो. आम्हीही तसेच समजत होतो. त्या दिवसापासून विकलेल्या प्रत्येक तारामाशाची नोंद ठेवायला आणि सहा महिन्यांनी ग्राहकाला फोन करायला मी सुरुवात केली. पहिल्या वर्षीचे ते फोन करणे सोपे नव्हते.

त्या नोंदींमधून आमचा माल बदलत गेला. निळा लिंकिया आम्ही आधी बंद केला नाही. आधी उपाय करून पाहिला. दुकानाच्या गच्चीवर, सावलीच्या जाळीखाली, खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्यांत सिरॅमिकचे दगड पिकवायचे, म्हणजे त्यांच्यावर तो थर धरू द्यायचा, आणि दर पंधरा दिवसांनी ग्राहकाच्या टँकमधला एक दगड बदलून द्यायचा, अशी व्यवस्था आम्ही जवळजवळ दीड वर्ष चालवली. काही लिंकियांना तिचा उपयोग झाला, बहुतेकांना ती पुरली नाही, आणि अखेर आम्ही तो प्राणी मागवणेच थांबवले. वाळू उपसणाऱ्या तारामाशाचेही तेच झाले. लोक त्याला टँकचा सफाई कामगार समजून नेतात. तो वाळूतले सगळे बारीक जीव खाऊन संपवतो आणि मग त्याच स्वच्छ वाळूत उपाशी मरतो. चार फुटी टँकमधली वाळू त्याला वर्षभर पुरत नाही. आज आम्ही ठेवतो तो मुख्यतः चॉकलेट चिप तारामासा आणि लाल फ्रोमिया. चॉकलेट चिप प्रवाळ खातो म्हणून परदेशातल्या प्रवाळ पाळणाऱ्यांना तो नको असतो, पण आमच्या ग्राहकांकडे प्रवाळच नसल्याने ती अडचण येत नाही. शिवाय तो हाताने भरवता येतो, आणि माझ्या मते घरी पाळायच्या तारामाशात हा गुण सर्वांत मोलाचा आहे.

भरवण्याची रीत आम्ही ग्राहकाला दुकानातच करून दाखवतो. बाजारातून आणलेल्या ताज्या तिसरीचे किंवा कोळंबीचे मांस शुद्ध पाण्यात धुऊन हरभऱ्याएवढा तुकडा करायचा आणि लांब चिमट्याने तो बाहूच्या खाली, मध्याच्या दिशेने सरकवून द्यायचा. पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग जवळचे नलिकापाद एकेक करून तुकड्याकडे वळतात, तुकडा हातोहात तोंडाकडे सरकतो, आणि तारामासा मधोमध किंचित उंच होऊन त्याच्यावर कमान करून बसतो. तो पोट तोंडावाटे बाहेर काढून अन्नावर पसरतो, त्यामुळे त्या वेळी त्याला हलवायचे नाही. टँकमध्ये भुकेले मासे किंवा खेकडे असतील तर त्याच्यावर जाळीची टोपली पालथी घालायची. आठवड्यातून दोनदा एवढे केले की पुरते. काचेला धरून बसलेला तारामासा मुलांना दाखवण्यासाठी ओढून काढू नये, हेही त्याच वेळी सांगतो, कारण चिकटलेले नलिकापाद अशा ओढण्याने तुटतात.

भुकेपेक्षा लवकर मारणारी गोष्ट म्हणजे पाण्याच्या खारटपणातला अचानक बदल. तारामाशाच्या अंगात आपल्यासारखे रक्त नाही; पाठीवरच्या एका बारीक चाळणीतून समुद्राचे पाणी आत जाते, नलिकांतून पसरते आणि त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो पाय चालतात. मासा अंगातले क्षार बरेचसे सांभाळू शकतो, तारामाशाला ते जमत नाही. घाऊक व्यापारी मीठ वाचवायला आणि माशांवरचे परजीवी दाबून ठेवायला पाणी अनेकदा कमी खारट ठेवतात. आमच्याकडे आलेल्या पिशव्यांत आम्ही 1.020 इतकेही मोजले आहे, आणि घरच्या टँकमध्ये 1.025 असते. तो फरक एका तासात ओलांडायला लावला तर तारामासा त्या दिवशी मरत नाही. पाच-सहा दिवसांनी त्याच्या बाहूंची टोके विरघळू लागतात.

सुरुवातीला आम्ही सर्वांसारखेच नळीतून पिशवीत थेंब-थेंब टँकचे पाणी सोडून चार तास घालवत असू. पण लांबचा प्रवास करून आलेल्या पिशवीला हे जमत नाही, कारण पिशवी उघडल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणजे त्याच पाण्यात चार तास ठेवणे हाही अत्याचारच. यातून भावाने मार्ग काढला. माल येण्याआधी तो वेगवेगळ्या खारटपणाचे पाणी तयार ठेवतो. पिशवी उघडताच खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब पाहायचा, जुळणाऱ्या पाण्यात तारामासा पाण्याखालीच हलवायचा आणि मग पुढचे पाच-सहा दिवस, रोज 0.001 याहून जास्त नाही अशा बेताने, 1.025 पर्यंत चढत जायचे. 2016 मध्ये आम्ही दुकानाला लागून असलेली एक लहान खोली यासाठीच भाड्याने घेतली. आलेला प्रत्येक तारामासा तिथे 28 दिवस राहतो, खातो, उलटा ठेवल्यावर स्वतः सुलटा होतो का ते पाहिले जाते, आणि मगच तो विक्रीला येतो. या खोलीने नफा कमी केला. अडकलेले भांडवल, चिलरचे वीजबिल, महिनाभराचे खाणे हे सगळे किमतीत येते आणि आमचा तारामासा इतरांपेक्षा महाग असतो. घासाघीस करणाऱ्याला मी ती खोली दाखवते.

तांब्याने आम्हाला दोनदा धडा दिला. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तांब्याचे औषध देतात, आणि ते औषध तारामाशासाठी थेट विष आहे. एकदा दुकानात काम करणाऱ्या आमच्याच मुलाने औषधाच्या टँकची बादली धुऊन तारामाशांच्या टँकला वापरली आणि दोन दिवसांत तीन चॉकलेट चिप गेले. तेव्हापासून औषधाच्या टँकच्या बादल्या, जाळ्या आणि नळ्या लाल रंगाच्या आहेत आणि त्या त्या टँकच्या पलीकडे जात नाहीत. दुसऱ्या वेळी मात्र कारण सापडायला दोन महिने लागले. कोथरूडमधील एका कुटुंबाकडे सगळे मोजमाप उत्तम असताना तारामासा आणि पाठोपाठ दोन कोळंब्या मेल्या, मासे मात्र ठणठणीत होते. शेवटी भाऊ त्यांच्या स्वयंपाकघरात गेला तेव्हा दिसले की टँकचे मीठ कालवण्यासाठीचे पाणी ज्या पिण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून घेतले जात होते, त्यात आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबे मिसळण्याची सोय होती. माणसाला चालणारे ते प्रमाण रोजच्या भरीने टँकमध्ये साठत गेले होते. तेव्हापासून नव्या ग्राहकाला आम्ही हे विचारतोच. पाणी कोमट करायला गिझरचे पाणी घेता का, हेही विचारतो, कारण पुष्कळ गिझरच्या आत तांबे असते. ज्यांना शक्य असेल त्यांनी आरओ शुद्धीकरण यंत्रानंतर, उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडावा आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे मोजमाप, शून्य आल्यावरच मीठ घालावे, असा आमचा आग्रह असतो.

समुद्राचेच पाणी का नको, हा प्रश्न दर महिन्याला येतो. अलिबाग, मुरूडहून कॅन भरून आणणारे हौशी लोक आहेत, पण किनाऱ्याजवळचे ते पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणा घसरतो. मालवणकडे रापणीच्या जाळ्यात आलेला तारामासा बाटलीत घालून आणणारी मुलेही दुकानात येतात. त्यांना मी रागावत नाही. त्याला काय हवे असते ते समजावून सांगते. विकले जाणारे जवळजवळ सगळे तारामासे आजही समुद्रातूनच पकडलेले असतात. क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे टाक्यांत होते, तामिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजमच्या संशोधन केंद्रांनी ते काम केले आहे. तारामाशाच्या बाबतीत तो दिवस अजून आलेला नाही, आणि म्हणून आमच्याकडून गेलेला प्रत्येक तारामासा समुद्रातून एक कमी झालेला असतो.

पुण्यातल्या उन्हाळ्याबद्दल थोडे. एप्रिल-मेमध्ये 300 लिटरच्या टँकमधून रोज तीन-चार लिटर पाणी सहज उडून जाते. मीठ मात्र मागेच राहते. भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची आणि रोज थोडी-थोडी, चार दिवसांची एकदम नव्हे. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते त्या भागातल्या ग्राहकांना आम्ही बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टँकबरोबरच देतो.

काकांकडे आज चॉकलेट चिप आहे, सहा वर्षांपासून. त्यांच्या वहीचाच नमुना आम्ही छापून घेतला आहे आणि तो प्रत्येक ग्राहकाला देतो. फक्त 'आज काय खाल्ले' हा एक रकाना वाढवला आहे. आतल्या खोलीत या आठवड्यात अकरा तारामासे आहेत. त्यांपैकी नऊ जणांचे 28 दिवस रविवारी पूर्ण होतील. एकाच्या बाहूचे तुटलेले टोक पुन्हा फुटत आहे, कोवळे, फिकट आणि नखाएवढे, आणि दुसरा अजून तिसरीचा तुकडा धरत नाही. हे दोघे विक्रीला नाहीत.