अटी बदलल्याचा मेल आला की काय बघायचं

अ‍ॅप किंवा वेबसाइटकडून आलेल्या 'आम्ही आमच्या अटी अद्ययावत करत आहोत' अशा मेलमध्ये सगळ्यात आधी नव्या अटी लागू होण्याची तारीख शोधा. त्या तारखेनंतरही सेवा वापरत राहिलात तर तुमची संमती धरली जाईल, असं कलम बहुतेक करारांत असतं. त्यामुळे जे करायचं ते त्याआधी.

मेलमधल्या सारांशावर विसंबू नका, तो कंपनीनेच लिहिलेला असतो. अटींच्या पानावर जुन्या आवृत्तीचा दुवा बघा. नसेल तर त्या पानाचा पत्ता वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर टाकून जुनी प्रत मिळते का पाहा. मग दोन्ही मजकूर तुलना करणाऱ्या साधनात टाका. कलमांचा क्रमच बदलला असेल तर सगळंच बदललेलं दिसतं. अशा वेळी थेट 'लायसन्स' (परवाना), 'परपेच्युअल' (कायमचा), 'सबलायसन्सेबल' (कंपनीला पुढे इतरांना देता येणारा परवाना), 'आर्बिट्रेशन' (लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी त्रयस्थाकडून वादाचा निवाडा) हे शब्द शोधा.

खरी मेख परवान्याच्या कलमात असते. 'मजकुराची मालकी तुमचीच' हे वाक्य वाचून लोक निर्धास्त होतात, पण पुढच्याच ओळीत कंपनी वापराचा परवाना घेते. फोटो सर्व्हरवर ठेवायला, लहान करून दाखवायला थोडा परवाना लागतोच, त्यात वावगं काही नाही. तो फक्त सेवा पुरवण्यापुरता आहे की जाहिराती आणि एआयच्या प्रशिक्षणासाठीही, आणि फोटो पुसल्यावर संपतो की नाही, हे तपासा. वापरकर्त्यांचा आरडाओरडा वाया जात नाही: डिसेंबर 2012 मध्ये इन्स्टाग्रामने जाहिरातींविषयीचा नवा मजकूर काही दिवसांतच मागे घेतला. ऑगस्ट 2023 मध्ये टीका झाल्यावर झूमनेही एआयबद्दलचं कलम बदललं.

लवादाचं कलम नव्याने आलं, तर कोर्टात जायचा आणि सामूहिक दावा लावायचा हक्क जाऊ शकतो. या कलमाला नकार कळवायची सोय असेल तर मुदत बहुधा 30 दिवसांची असते. नोंदणीकृत ईमेलवरूनच कळवा, पाठवलेल्या मेलची प्रत ठेवा. दुसऱ्या पत्त्यावरून पाठवलेला नकार ग्राह्य धरला जाईलच असं नाही.

युरोपीय संघात 2019/770 या निर्देशामुळे, बदलाने सेवेच्या वापरावर किरकोळापेक्षा जास्त प्रतिकूल परिणाम होत असेल तर ग्राहकाला 30 दिवसांत विनाशुल्क करार संपवता येतो. इतरत्र आगाऊ भरलेले पैसे परत मिळतील का, ते करारात बघावं लागतं.

सोडायचंच ठरलं तर आधी डेटा उतरवून घ्या. फाइल तयार व्हायला काही दिवस लागू शकतात आणि डाउनलोडचा दुवा काही काळाने बंद पडतो. फाइल उघडून पाहिल्यावरच खातं बंद करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर खातं तसंच राहतं.